घरकुल २६९ फुटांचं, अंगण सोळा घरांचं : विदर्भातल्या गावात परवडणारी वस्ती कशी आखावी

प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणच्या नियमाप्रमाणे घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं हवं आणि त्यातच स्वयंपाकाची जागा आली. आता या २६९ फुटांत वऱ्हाडातल्या एका कुटुंबाचं वर्ष बसवून पाहा. दिवाळीनंतर वेचलेला कापूस भाव येईस्तोवर घरातच असतो. एका खोलीत आढ्यापर्यंत कापूस आणि दुसऱ्या खोलीत पाच माणसं, हे चित्र यवतमाळ-अकोल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मग कुटार (भुसा), सरपण, बाज, मोटारसायकल, दोन शेळ्या. उन्हाळ्यात कुरड्या-पापड. पूर्वेकडे चंद्रपूर-गडचिरोलीत मोहफूल वाळवायचं. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर गेला की रात्री झोपायलासुद्धा घर नको होतं.

म्हणजे निम्मा संसार बाहेर होतो. ‘बाहेर’साठी जागा मात्र कुणी आखत नाही. आधी प्लॉट पाडतात, मग रस्ते, आणि उरलेला वेडावाकडा तुकडा ‘खुली जागा’ म्हणून कोपऱ्यात दाखवतात. दोन वर्षांत तिथे उकिरडा होतो. या लेखात क्रम उलटा धरला आहे. सामाईक अंगण आधी आणि घरं त्याच्याभोवती. सरपंच, ग्रामसेवक, घरकुल मंजूर झालेली कुटुंबं आणि तालुक्यात काम करणारे तरुण अभियंते, सगळ्यांना वापरता येईल अशा रीतीने मांडतो.

पायरी १ : जागेचा कागद

नकाशा काढण्याआधी जागा कोणत्या प्रकारची आहे ते तलाठ्याकडून लेखी घ्या. विदर्भात याचे चार-पाच प्रकार हमखास भेटतात.

गावठाणातली जागा सगळ्यांत सोपी. स्वामित्व योजनेत ड्रोनमोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका मागवा, सीमा तिथेच कळतात. गावाशेजारची ई-क्लास जमीन म्हणजे गुरचरण. ही ‘सरकारी तर आहे’ म्हणून धरून चालू नका. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचा निकाल दिला आणि त्याच वर्षी जुलैत राज्य शासनाने गायरान दुसऱ्या कामाला देण्यावर कडक बंधनं घातली. पूर्व विदर्भात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावाच्या सामाईक हक्कांच्या जुन्या नोंदी, हेही पाहायला हवं. एखाद्या मोकळ्या तुकड्यावर गावाचा खळ्याचा, वाटेचा किंवा गुरं बसवण्याचा हक्क नोंदलेला असतो, आणि चुन्याची आखणी सुरू झाली की तो हक्क एखाद्या म्हाताऱ्याला बरोबर आठवतो.

खाजगी शेत विकत घेणार असाल तर सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की २, जमीन आदिवासी खातेदाराची आहे का, तुकडेबंदी आणि अकृषक परवानगीचं काय, हे चार प्रश्न बयाणा देण्याआधी विचारा, नंतर नाही. भूमिहीन लाभार्थ्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी मदत मिळते. चालू रक्कम पंचायत समितीच्या घरकुल कक्षात विचारा. पाच-दहा लाभार्थ्यांनी वेगवेगळे ५०० फुटांचे तुकडे घेण्यापेक्षा एकच सलग तुकडा मिळून घेतला तर अंगणाची गोष्ट शक्य होते.

पायरी २ : माती आणि पाणी, पावसाळ्यात पाहा

जागा उन्हाळ्यात बघून पसंत करण्याची पद्धत आहे, कारण तेव्हा गाडी जाते. जुलै-ऑगस्टमध्ये एकदा जा. पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, नाल्याचं पाणी कुठवर चढतं, हे शेजारच्या शेतकऱ्याला विचारून दगडाने खूण करून ठेवा. जोत्याची उंची त्या खुणेवरून ठरते.

काळी माती असेल तर चार ठिकाणी खड्डे घेऊन मुरूम किती फुटांवर लागतो ते पाहा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगा पडतात. घराला पडणारी तिरपी भेग तिथूनच येते. मुरूम तीन-चार फुटांवर असेल तर पाया मुरमावर न्या. तो खूप खोल असेल तर खाली फुगवटा असलेले, साधारण साडेतीन मीटर खोलीचे पाइल (जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब) आणि त्यांवर बीम, हा काळ्या मातीसाठी रुळलेला उपाय आहे. पण एकेका घराला तो महाग पडतो. सोळा घरांसाठी यंत्र एकदाच आलं तर गणित बसू शकतं. शक्यतो मुरमाड बरड जागाच निवडा. ती शेतीला निकामी असते म्हणून स्वस्तही मिळते.

खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या गावांत, बोअरचं पाणी पिण्याजोगं नसतं. तिथे छतावरच्या पाण्याची टाकी पहिल्याच नकाशात दाखवा.

पायरी ३ : बायकांना आधी विचारा, आणि वर्ष विचारा

ग्रामसभेत ‘कसं घर पाहिजे’ असं विचारलं की उत्तर येतं : स्लॅबचं. पुढे चर्चा संपते. त्याऐवजी बारा महिन्यांची पट्टी जमिनीवर आखा आणि प्रत्येक महिन्यात बाहेर काय काय होतं ते मांडायला सांगा. कापूस कधी, तूर कुठे झोडपता, धान कुठे वाळतं, मोहफूल, कुरड्या, पोळ्याला बैल कुठे उभे राहतात, तान्ह्या पोळ्याला पोरं कुठे, भुलाबाईची गाणी कुणाच्या अंगणात, लग्नाचा मांडव, तेरवीची पंगत, दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला आलेले पाहुणे कुठे झोपतात. अर्ध्या तासात जी यादी निघते ती कुठल्याही वास्तुविशारदाच्या प्रश्नावलीपेक्षा भारी असते.

ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. ती सहीपुरती न घेता हे काम तिथेच करा. पारावर पुरुष बसतात, त्यामुळे ‘सार्वजनिक जागा’ म्हटलं की पुरुषांच्या डोळ्यांसमोर पार येतो. बायका पाण्याजवळ, धुण्याजवळ, एखाद्या ओट्याच्या आडोशाला बसतात. ही जागा नकाशात वेगळी दाखवली नाही तर ती होत नाही.

पायरी ४ : वीस गुंठ्यांची आखणी

आता एक हिशेब पूर्ण करून दाखवतो. वीस गुंठे म्हणजे २१,७८० चौरस फूट. जागा १२१ फूट रुंद आणि १८० फूट लांब धरू. लांबी उत्तर-दक्षिण.

प्रत्येक घराला २० फूट रुंद, ४० फूट खोल प्लॉट. चार प्लॉटची एक रांग ८० फुटांची. तिच्या समोर तशीच दुसरी रांग, आणि दोघींच्या मधे ३६ फूट रुंद, ८० फूट लांब अंगण. झाली आठ घरांची एक वाडी. अशा दोन वाड्या एकापुढे एक, आणि दोन्हींच्या मधे २० फुटांचा आडवा रस्ता. रुंदीत ४० अधिक ३६ अधिक ४० म्हणजे ११६ फूट गेले. उरलेले पाच फूट दोन्ही पाठीमागच्या नालीसाठी अडीच-अडीच.

सोळा प्लॉटना १२,८०० चौरस फूट, म्हणजे ५८.८ टक्के. दोन अंगणांना ५,७६० चौरस फूट, २६.४ टक्के. रस्त्याला २,३२०, म्हणजे १०.७ टक्के. नालीला ९००. बस. नेहमीच्या ले-आऊटमध्ये खुली जागा १० टक्के सोडतात आणि २५ टक्के रस्त्यात घालवतात. इथे रस्ता कमी केला, कारण अंगणच घरापर्यंतची वाट आहे.

ही कल्पना काही नवी नाही. मेळघाटातल्या कोरकू गावांत समोरासमोर घरांच्या लांब रांगा आणि मधे रुंद मोकळी वाट, ही पद्धत जुनीच. शहरी नमुना हवा असेल तर चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला केलेली वस्ती पाहावी. तिथे सात घरांमध्ये मिळून सुमारे ८ मीटर लांब-रुंद चौक, असे तीन गट मिळून मोठा चौक, आणि पुढे त्याहून मोठा, अशी चढती मांडणी आहे. शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावलेली नाही, म्हणून प्रत्येकाला आपलं घर वाढवता येतं. बाळकृष्ण दोशींच्या इंदूरच्या ‘अरण्य’ वसाहतीत गरीब कुटुंबाला जोतं आणि संडास-न्हाणीचा गाभा दिला. बाकीचं घर त्यांनी ऐपतीप्रमाणे बांधलं. या दोन्ही गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

एका अंगणाभोवती किती घरं? आठ ते बारा. त्याहून कमी असली तर एका घराच्या भांडणात अंगण बंद पडतं, जास्त झाली तर ते कुणाचंच राहत नाही.

आखणी कागदावर मंजूर करू नका. चुन्याने जमिनीवर पूर्ण मापाची काढा. बैलगाडी आत आणून वळवा, ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेऊन पाहा, बाज टाका, मांडवाचे बांबू उभे करा. कुणी ना कुणी म्हणेलच की ‘इथं तर जागाच नाही’, आणि चुना पुसून बदलायला खर्च येत नाही.

पायरी ५ : ऊन

विदर्भात सावली ही सोय नाही, गरज आहे. रांगा उत्तर-दक्षिण ठेवण्याचं कारण तेच. मे महिन्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास दहा-साडेदहा फुटी भिंतीची सावली तेवीस-चोवीस फुटांपर्यंत जाते. पश्चिमेकडच्या रांगेच्या सावलीत त्या वेळी अंगणाचा जवळजवळ निम्मा भाग येतो, आणि माणसं बाहेर पडतात तीही त्याच वेळी. शिवाय दारं पूर्वेला आणि पश्चिमेला येतात. दक्षिणमुखी घर कुणाला द्यायचं हा वाद उभाच राहत नाही. त्या वादाची ताकद ज्याने घरवाटप पाहिलंय त्याला ठाऊक आहे.

एक अडचण मात्र राहते. पूर्वेकडच्या रांगेची तोंडं पश्चिमेला, म्हणून दुपारी दोन ते पाच ऊन त्यांच्या दारातून आत शिरतं. यासाठी त्या रांगेला पुढची सपरी (ओसरी) सहाऐवजी आठ फूट द्या, तिची वळचण खाली उतरवा, बांबूचे ताटवे टांगा. झाडं अंगणाच्या मधल्या रेषेवर लावा, म्हणजे दुपारनंतरची सावली त्याच रांगेवर पडते. मधली रेषा दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून चोवीस ते सव्वीस फूट लांब आहे. काळ्या मातीत झाड भिंतीला खेटून लावलं तर मुळं ओल ओढून घेतात आणि पाया खचतो, म्हणून हे अंतर पाळा. कडुनिंब, करंज लावा. वड-पिंपळ लावायचे तर रस्त्याच्या टोकाला, वस्तीपासून दूर.

कोणती रांग कुणाला, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि चिठ्ठी घरच्या बाईने उचलावी.

पायरी ६ : अंगणात काय असावं, आणि काय नसावं

आधी नसावं ते. सिमेंट काँक्रीट नसावं, संपूर्ण अंगणभर गट्टूही नसावेत. ग्रामपंचायतींना सिमेंटचा फार सोस आहे, कारण त्यावर उद्घाटनाची पाटी लागते. पण ४५ अंशांत तापलेलं काँक्रीट रात्री दहापर्यंत आग ओकतं, पाणी मुरू देत नाही, आणि ते पाणी सरळ ओट्यांवर येतं. मुरूम टाकून, पाणी मारून, रोलरने दाबून घ्या. घरापुढची पट्टी बायका शेणाने सारवतीलच. फक्त पश्चिम रांगेच्या बाजूने १२ फुटांची वाट पक्की करा. तिथून रुग्णवाहिका आणि ट्रॉली जाईल. अंगणाला शंभराला एक उतार पुरे, ३६ फुटांत चार-सव्वाचार इंच. नाली खोल खणू नका. बशीसारखी उथळ करा, म्हणजे पोरं पडत नाहीत, शेळ्यांचे पाय मोडत नाहीत, आणि झाडूने साफ होते.

बोअर किंवा नळाचा ओटा आडव्या रस्त्याच्या मधोमध, दोन्ही अंगणांना सारखाच जवळ. त्याला लागून धुण्याचा ओटा आणि बसायला कट्टा. वर सावली हवीच. हाच तो बायकांच्या बसण्याचा कोपरा.

उत्तरेच्या अंगणाच्या अगदी उत्तर टोकाला ३६ बाय १२ फुटांचा गुरांचा सामाईक कोठा. एका जनावराला साधारण चाळीस चौरस फूट छताखालची जागा धरली तर दहा जनावरं बसतात. पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, म्हणून वास वस्तीबाहेर जातो. सगळे जण कोठा वापरतील असं समजू नका. ज्याची दुधाची म्हैस आहे तो तिला नजरेसमोरच बांधेल. त्याला परसात जागा आहे.

दक्षिणेच्या अंगणाच्या दक्षिण टोकाला तेवढीच, चारी बाजूंनी उघडी शेड. लग्न, बचतगटाची बैठक, तेंदूच्या हंगामात पुडे बांधणं, पावसात पोरांचं खेळणं. तिला भिंती घालू नका. भिंत आली की कुलूप येतं, कुलूप आलं की चावी एका माणसाकडे जाते.

कापसासाठी सामाईक गोदाम करावं असं बैठकीत कुणीतरी सुचवतंच. मला ते पटत नाही. वर्षाची कमाई माणूस दुसऱ्याच्या भरवशावर ठेवत नाही, आणि सोळा घरांचा कापूस एका छताखाली ठेवला की एका बिडीने सगळंच जातं. त्यापेक्षा सपरीला जाळी आणि खाली-वर होणारा ताटवा द्या. तीन महिने कापूस सपरीत, बाकी नऊ महिने माणसं.

दोन लहान गोष्टी पैसे फार मागत नाहीत. मांडवाच्या खांबांसाठी अंगणात लोखंडी पाइपचे तुकडे जमिनीबरोबर पुरून झाकण लावा, नाहीतर दर लग्नाला नवे खड्डे पडतात. आणि दिवा अंगणाच्या मधे न लावता दोन टोकांना लावा. उन्हाळ्यात लोक अंगणात झोपतात, डोळ्यांवर उजेड नको.

आता अवघड विषय. मोकळ्या जागेवर पहिली कायमची वस्तू कोणती उभी राहते, त्यावरून ती जागा कुणाची हे ठरतं. मग ते मंदिर असो, विहार असो, झेंडा असो की एखाद्या पक्षाचा फलक. मिश्र वस्तीत तर हे फारच नाजूक. सण सगळे साजरे व्हावेत, मांडव पडावा आणि उठावा. पण पक्कं धार्मिक बांधकाम अंगणात नाही, त्यासाठी वेगळी जागा, हा ठराव पाया खणण्याआधी करा. नंतर तो करता येत नाही.

पायरी ७ : घर

प्लॉटच्या एका बाजूला, हद्दीच्या रेषेवर बिनखिडकीची भिंत. दुसऱ्या बाजूला सहा फुटांची बोळ. घर १४ बाय २० फूट, म्हणजे २८० चौरस फूट बांधकाम. पुढे सपरी, मागे २० बाय १४ ची सांदवाडी, म्हणजे परस (पूर्व रांगेत सपरी आठ फुटांची, म्हणून २० बाय १२). सामाईक भिंत टाळली कारण घरकुलं एकाच वर्षी मंजूर होत नाहीत. एकाचा हप्ता आला, शेजाऱ्याचं नाव पुढच्या यादीत. तिथे सामाईक भिंतीवरून कोर्टापर्यंत जातात. बोळीतून वारा खेळतो, मोटारसायकल मागे जाते, आणि पुढे मागच्या बाजूला एक खोली वाढवता येते. त्या खोलीची सळाख आत्ताच सोडून ठेवा, तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवा म्हणजे गंजणार नाही.

पैसे कुठे घालायचे? जोतं, जोत्यावरचा काँक्रीटचा पट्टा, दारांवरचा तसाच पट्टा आणि छत. गिलावा, फरशी, रंग नंतर. जोत्याभोवती तीन फूट रुंदीची पक्की पट्टी ओढा, काळ्या मातीत ती अर्धं घर वाचवते. भिंतीला रॅट ट्रॅप बाँड वापरला, म्हणजे विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवली, तर विटा साधारण २५ टक्के कमी लागतात आणि पोकळीमुळे भिंत कमी तापते. एवढ्या घराला नऊ इंची भिंतीत अंदाजे सात हजार विटा. तिथे सतराशे वाचल्या. लॉरी बेकर यांनी ही पद्धत केरळमध्ये रुळवली. तिला एकसारख्या मापाच्या विटा लागतात, आणि चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारसच्या वीजकेंद्रांमुळे आपल्याकडे राखेच्या विटा मिळतात. मिस्त्रीला हात बसायला वेळ लागतो. म्हणून सुरुवात कोठ्याच्या भिंतीपासून करा, शिकाऊ काम तिथे होऊन जाईल.

छताबद्दल लोकांशी वाद घालण्यात अर्थ नाही, पण पर्याय सांगा. कवेलूचं (कौलारू) छत सगळ्यांत गार. मात्र वानरं कवेलू फोडतात आणि दरवर्षी ते फेरायला माणूस मिळत नाही. लोक टिनाकडे गेले ते याच कारणाने. टिन घालायचंच तर खाली एक हात सोडून बांबूच्या ताटव्याचं मातीने लिंपलेलं आतलं छत घाला. स्लॅब असेल तर दर मार्चमध्ये वरून चुन्याचे दोन हात. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराकडून घडवलेल्या निमुळत्या नळ्या एकीत एक अडकवून कमानीचं छत विकसित केलं. त्याला लाकूड लागत नाही, सळाखही नाही. जवळ कुंभार आणि शिकलेला गवंडी असेल तर निदान शेडवर करून पाहण्यासारखं आहे. आणि मातीच्या घराला कुणी हसलं तर सेवाग्रामच्या बापू कुटीत नेऊन आणा. माती, लाकूड, बांबू आणि कवेलूची ती कुटी १९३० च्या दशकातली आहे.

पायरी ८ : संडास आणि सांडपाणी

दोन खड्ड्यांचा संडास. एक खड्डा भरला की दुसरा सुरू, पहिल्यात खत होतं. सेप्टिक टँक महाग, आणि तो उपसणारी गाडी खेड्यात येत नाही. खड्डे सांदवाडीत, पाण्याच्या स्रोतापासून किमान १५ मीटर. वरच्या आखणीत रस्त्यामधला बोअर आणि मागचे खड्डे यांत तेवढं अंतर पडतं, तरी टेपने मोजा. काळ्या मातीत पाणी हळू मुरतं, म्हणून खड्डा नेहमीपेक्षा मोठा करून भोवती रेती-गिट्टी भरा. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात पाणी वर असतं; तिथे खड्डा उथळ आणि जोतं उंच.

न्हाणीचं पाणी शोषखड्ड्यात सोडलं तर काळ्या मातीत दुसऱ्या पावसाळ्यात तो तुंबतो. केळी, पपई, अळू लावून सांदवाडीतच जिरवा.

छतावरचं पाणी : २६ चौरस मीटर छत, ७५० मिलिमीटर पाऊस, वीस टक्के वाया गेलं असं धरलं तरी एका घराचं साडेपंधरा हजार लिटर होतं. खारपाणपट्ट्यात दोन घरांना मिळून एक टाकी बांधा.

पायरी ९ : पैसा

आवास योजनेत सपाट भागाला १ लाख २० हजार, डोंगराळ-दुर्गम भागाला १ लाख ३० हजार. १ लाख २० हजाराला २६९ ने भागलं तर फुटाला ४४६ रुपये पडतात. ठेकेदाराला हा दर सांगून पाहा, तो चहा पाजून परत पाठवेल. म्हणून जोडकामं लागतात : संडासाला स्वच्छ भारतचे १२ हजार, रोजगार हमीतून ९० दिवसांपर्यंतची मजुरी. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास, आदिवासींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना. ही शेवटची तर वसाहतीच्याच कल्पनेवर उभी आहे. कोलाम आणि माडिया या अतिमागास आदिवासी कुटुंबांना केंद्राच्या पीएम-जनमन योजनेतून घराला २ लाख मिळतात.

अंगणाचा पैसा घराच्या पैशातून कधीच काढू नका. त्यासाठी ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा निधी, जनसुविधा, वस्ती सुधार योजना, ठक्कर बाप्पा योजना ही दारं आहेत. ती उघडायला एकच गोष्ट लागते : जागा ग्रामपंचायतीच्या नावावर असणं. खाजगी सामाईक जागेवर सरकारी पैसा पडत नाही.

खरेदी मिळून करा. सोळा घरांची गिट्टी, रेती, सळाख, दारं-खिडक्या एकदम घेतली तर भावही उतरतो आणि वाहतूकही. हिशेब बचतगटाकडे द्या आणि दर आठवड्याला शेडमध्ये फळ्यावर लिहा.

पायरी १० : अंगण कुणाचं, ते लिहून ठेवा

अतिक्रमण एका रात्रीत होत नाही. आधी सरपणाची मोळी, मग तिच्यावर टिन, मग शेळी, मग कुडाची भिंत. म्हणून ओट्याची हद्द दगडी पट्टीने दाखवा. पट्टीच्या आत तुमचं, बाहेर सगळ्यांचं. अंगण, रस्ता, कोठा आणि शेड यांची नोंद ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्ता नोंदवहीत करून घ्या आणि ग्रामसभेचा ठराव असा काहीसा घ्या :

“गट क्रमांक … मधील रेखांकनात दाखविलेली दोन अंगणे, आडवा रस्ता, कोठा व शेड ही सार्वजनिक खुली जागा राहील. ती विकता, भाड्याने देता वा कुणाच्या नावे करता येणार नाही. तेथे खाजगी वा धार्मिक पक्के बांधकाम होणार नाही. मांडव कार्य झाल्यावर तीन दिवसांत काढावा. देखभाल दोन्ही वाड्यांची समिती करील, समितीत निम्म्याहून अधिक महिला असतील. शेडच्या वापरासाठी वस्तीबाहेरील कुटुंबांकडून समिती ठरवील ते शुल्क घेता येईल व ते देखभालीसाठीच खर्च होईल.”

गणपूर्तीसाठी पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांपैकी जे कमी असेल ते हवेत. तहकूब सभेत हा ठराव करू नका, पुढे कुणीतरी तेच काढून दाखवतं.

पायरी ११ : कामाचा क्रम

पहिल्या पावसाळ्यात, घरांच्याही आधी, झाडं लावा आणि काट्यांची कुंपणं करा. दुसरं काम वाटेच्या मुरमाचं. काळ्या मातीत विटांचा ट्रक फसला की तो दिवस आणि भाडं दोन्ही जातात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे बांधकामाचे उत्तम महिने, कारण उन्हाळ्यात पाणी मारायलाच पाणी नसतं. पण तेच वेचणीचे महिने. मजूर, मिस्त्री, घरची माणसं, सगळी शेतात. मधला मार्ग असा : पाया आणि जोतं दिवाळीआधी उघडीप मिळताच, भिंती पहिल्या दोन वेचण्यांनंतर, छत मार्चच्या मध्याआधी. गिलावा राहिला तर राहू द्या. हप्ते या वेळापत्रकाने येत नाहीत, म्हणून सामाईक खरेदीतून जोत्यापुरतं साहित्य आधीच उभं करा. प्रत्येक टप्प्याचा जिओटॅग फोटो त्या दिवशीच काढून घ्या. फोटो अडला की हप्ता अडतो.

पहिला मोठा पाऊस झाला की समितीने छत्र्या घेऊन अंगणात फिरावं, पाणी कुठे थांबतं तिथे खुंटी मारावी, आणि मुरमाची एक ट्रॉली त्यासाठी राखून ठेवावी. पोळ्यापर्यंत ते खड्डे भरलेले हवेत.